नोएथरच्या खालचं नाव

श्रीपाददादांनी यादी दोनदा वाचली. मग चष्मा काढून टीपॉयवर ठेवला.

"हे सहावं कोण?"

"वाचता येतंय ना?" विनोदिनीताई म्हणाल्या.

"सेवंती डावर. डावर म्हणजे?"

"गंधवानीकडची. आदिवासी. माझी विद्यार्थिनी. श्रावणात तिला जाऊन वर्ष झालं. म्हणजे तुझ्या नियमातही बसतं."

"नियम तू मला शिकवू नकोस, विनू. ही आपल्यातली नाही."

"आणि आबेल आपल्यातला? नॉर्वेचा होता तो. मासे खायचा."

"आबेलचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

उमावहिनी वाटलेल्या डाळीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "वन्सं, तुमचं ना, दर साल नवं नाटक," त्या म्हणाल्या. "उद्या अमावास्या. आज तरी घरात शांती ठेवा."

"गोत्र काय लावतोस आबेलला?" विनोदिनीताईंनी पुन्हा विचारलं.

"काश्यप. ज्याचं माहीत नाही त्याला काश्यप लावतात."

"मग हिला लाव."

"नाही लावणार," दादा म्हणाले. त्यांनी यादी घडी करून परत दिली.

मी तोवर त्यांच्या देवासच्या घराच्या दाराशीच उभी होते. हातात चप्पल तशीच होती.

विनोदिनी सरमंडल धारच्या एका कॉलेजात गणित शिकवतात. यंदा एकसष्ट. त्यांचे आजोबा धार संस्थानच्या खजिन्यात होते, वडील शाळेत मुख्याध्यापक. लग्न केलं नाही. कॉलेजात मुलं त्यांना ततैया मैडम म्हणतात. ततैया म्हणजे गांधीलमाशी. त्यांना ते माहीत आहे. वर्तमानपत्र त्या लाल पेन घेऊन वाचतात. टक्केवारी चुकली की कात्रण पाकिटात घालून संपादकाला पाठवतात. एकही उत्तर आलेलं नाही. त्या पाठवतात.

मी देवासची. बाबा चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून आले. घरी मराठी, शाळेत हिंदी, एम. ए. हिंदी साहित्यात. दोन वर्षांपूर्वी धारला शाळेत नोकरी लागली आणि मी विनोदिनीताईंच्या घरी वरची खोली घेतली. पहिल्या दिवशी मी त्यांना मावशी म्हटलं.

"मावशी नाही. मैडम नाही. नाव आहे मला."

तेव्हापासून ताई. माझं मराठी वाचन अडखळतं हे त्यांना आठवड्यात कळलं. रोज संध्याकाळी एक पान मोठ्याने वाचायचं. चुकलं की टेबलावर खडू आपटायचा. खडू त्या चष्म्याच्या घरात ठेवतात. चष्मा मात्र कुठेही पडलेला असतो.

यादीची गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. वडील गेले आणि सर्वपित्रीचं तर्पण श्रीपाददादांकडे आलं. दादा बँकेतून निवृत्त. देवासला त्यांच्या कॉलनीतल्या दत्तमंदिराची पूजा तेच पाहतात. तर्पणात आई-वडील, आजे-पणजे झाले की शेवटी ज्यांच्या मागे कुणी नाही अशांसाठीही ओंजळ असते. पहिल्याच वर्षी ताईंनी कागद पुढे केला. सोफी जर्मेन. आबेल. गालुआ. रामानुजन. एमी नोएथर. पाचांनाही मूलबाळ नाही.

दादा तेव्हाही भडकले होते म्हणे. पण कागद घेतला. रामानुजन तर आपलाच, असं म्हणाले. दोन वर्षांनी ते पाहुण्यांना कौतुकाने सांगू लागले, आमच्याकडे परदेशी विद्वानांनाही पाणी मिळतं.

विनोदिनीताई वर्षभर या पाच जणांसाठी भांडत असतात. दर बावीस डिसेंबरला, रामानुजनच्या जन्मदिवशी, कॉलेजात गणित दिवस होतो. भाषण त्यांचंच. मी ते एकदा ऐकलं. सोफी जर्मेन पुरुषाच्या नावाने पत्रं लिहायची. तिच्या मृत्यूच्या नोंदीत व्यवसायापुढे गणिती लिहिलं नाही, मिळकतीवर जगणारी असं लिहिलं. एमी नोएथर कित्येक वर्षं पगाराशिवाय शिकवत राहिली, तेही दुसऱ्याच्या नावाने जाहीर केलेल्या वर्गांत. या गोष्टी त्या अशा सांगतात की समोर बसलेल्यांनाच अपराधी वाटावं.

आणि आबेल. चोवीस वर्षांचा असताना त्याने आपलं सगळ्यात मोठं काम पॅरिसच्या अकादमीला दिलं. ते तपासायला कोशीकडे गेलं. कोशी तेव्हाचा फार मोठा गणिती. त्याने कागद बाजूला ठेवले आणि ठेवूनच दिले. सव्विसाव्या वर्षी आबेल क्षयाने गेला. दोन दिवसांनी बर्लिनहून नोकरीचं पत्र निघालं.

"दराज में रख दिया!" ताई व्यासपीठावरून ओरडल्या होत्या. "समझ में नहीं आया तो लौटा देते। रख क्यों दिया? ऐसे आदमी को माफ़ी नहीं है।"

मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही.

अमावास्येला सकाळी दादा पाटावर बसले. दक्षिणेकडे तोंड, जानवं उजव्या खांद्यावर, बोटात दर्भाचं पवित्रक. समोर ताम्हन आणि काळे तीळ. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. यादी त्यांच्या मुठीत होती.

घरचे झाले. आईकडचे झाले. दादा थांबले.

"सहा नावं असतील तर कागद देते," ताई म्हणाल्या. "नाहीतर एकही नाही. पाचही माझी आहेत."

"तुझी?" दादांनी मान वळवली नाही. "अकरा वर्षं पाणी मी देतोय."

आणि त्यांनी कागदाशिवाय सुरुवात केली. काश्यप गोत्र, सोफी जर्मेन. काश्यप गोत्र, नील्स हेन्रिक आबेल. संपूर्ण नाव. एव्हारिस्त गालुआ. एकाही नावावर जीभ अडखळली नाही. रामानुजन. एमी नोएथर. प्रत्येकाला तीन वेळा अंगठ्याकडून पाणी सोडलं. मग हात ताम्हनात झटकून ते उठले.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांना दादांनी नावं गाळली असती तर चाललं असतं. ती दादांना पाठ असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"नॉर्वे चालतं," त्या म्हणाल्या. "धारपासून सत्तर किलोमीटर चालत नाही."

"विनू, जेवायला बस."

"तुझ्या घरी?"

उमावहिनींनी माझ्या हातात डबा कोंबला. खीर आणि वडे होते. "बाई, तू तरी खा," त्या हळूच म्हणाल्या. ताईंनी तो डबा देवासच्या बसस्टँडवर बाकावर ठेवला आणि बसमध्ये चढल्या. मी तो पुन्हा उचलला नाही. ते मला आजही आवडलेलं नाही.

धारला घरी आल्यावर मी विचारलं.

"ही सेवंती कोण? तुम्ही कधी तिचं नाव काढलं नाहीत."

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि शंभर पानी वही काढून माझ्यासमोर टाकली. वर मोराचं चित्र. आत निळ्या पेनातलं, सरळ, दाबून लिहिलेलं अक्षर.

"वाच."

"मला काय कळणार यातलं?"

"आकडे वाचता येतात ना? एक तीन आकडी संख्या सांग. तिन्ही आकडे सारखे नकोत."

मी सातशे बारा सांगितली.

"आकडे उतरत्या क्रमाने लाव. मग चढत्या. वजा कर."

सातशे एकवीस वजा एकशे सत्तावीस. पाचशे चौऱ्याण्णव. पुन्हा. नऊशे चोपन्न वजा चारशे एकोणसाठ. चारशे पंचाण्णव. पुन्हा केलं तर पुन्हा चारशे पंचाण्णव.

"कुठूनही निघालीस तरी इथेच येशील," त्या म्हणाल्या. "चार आकडी घेतलीस तर सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर. ते कापरेकरांनी शोधलं. देवळालीच्या शाळेत मास्तर होते. मोठमोठे लोक त्यांना हसायचे. मी हे वर्गात सांगितलं आणि विसरले. दुसऱ्या आठवड्यात ही पोरगी वही घेऊन आली."

आपण दहा-दहाचे गट करून मोजतो. सेवंतीने विचारलं होतं, आठ-आठचे केले तर? नऊचे? बाराचे? तिने प्रत्येकाची गणितं केली होती, पानंच्या पानं. मग एका पानावर अक्षरांनी सिद्ध केलं होतं. गट सम संख्येचा असेल तर सगळं एका जागी येऊन थांबतं. विषम असेल तर थांबत नाही, दोन संख्यांमध्ये कायम झुलत राहतं. मला एवढंच कळलं.

"बरोबर आहे?"

"पूर्ण. जगात आधीही कुणी कुणी केलंय. हिला ते माहीत नव्हतं. हिने एकटीने केलं, गंधवानीच्या पुढे एका फलियात, म्हणजे पाड्यात, बसून."

"मग?"

"मग काय. मी पहिलं पान पाहिलं आणि साठ मुलांसमोर विचारलं, किसकी कॉपी से उतारा?"

मी वही मिटली.

"ती म्हणाली, मैंने किया. मी म्हटलं, देखेंगे. वही कपाटात ठेवली. जानेवारी होता. परीक्षा, निवडणुकीची ड्युटी, मग सुट्ट्या. ती दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत आली होती. दोनदा मी घड्याळ पाहिलं. तिला सिकलसेल होता. ऑगस्टमध्ये गेली. बावीस वर्षांची. त्या दिवशी मी कपाट उघडलं. वाचायला चाळीस मिनिटं लागली."

त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मला व्यासपीठावरचा त्यांचा आवाज आठवला. मी हिशेब करत होते. ते भाषण मी ऐकलं त्या डिसेंबरात ही वही याच घरात होती आणि वाचून झालेली होती.

"तुम्ही कोशीला शिव्या देत होतात," मी म्हटलं. "हे माहीत असताना."

"हो."

"टाळ्या घेत होतात."

"हो म्हटलं ना."

मी वर निघून गेले. दोन दिवस खाली आले नाही. त्यांनीही बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात उभ्या होत्या. पायात चप्पल, खांद्याला पिशवी.

"दादाला विचारून चूक झाली. तिच्या आईला विचारते. ती हो म्हणाली तर पाणी मी स्वतः देईन. मग श्रीपादच्या बापाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"श्रीपाददादांचे बाबा म्हणजे तुमचेच."

"चल."

गंधवानीला उतरून पुढे टमटमने गेलो, मग पायी. घरापुढे मक्याचा ढीग होता. सेवंतीची आई कणसं सोलत बसली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि सोलणं थांबवलं नाही.

"आप वो ही मैडम हो ना? नकल वाली?"

"हां," ताई म्हणाल्या.

"बैठो."

बसायला काही नव्हतं. आम्ही जमिनीवर बसलो. ताईंनी सांगितलं. आमच्यात अमावास्येला गेलेल्यांना पाणी देतात. मोठ्या मोठ्या गणितज्ञांसोबत सेवंतीचं नाव घ्यायचं आहे. अमावास्या गेली, पण मी घरी देईन. तुमची परवानगी हवी.

बाईने सगळं ऐकून घेतलं.

"हमारी रीत से सब हो गया," ती म्हणाली. "उसके बाप ने किया, काका ने किया। वो प्यासी नी है।"

"मैं जानती हूं। फिर भी—"

"तुमने कां बोला था उसको?"

"क्लास में."

"कित्ते जने थे?"

"साठ."

"साठ के सामने चोर बोला। छोरी तीन दिन रोटी नी खाई। अब घर में छुप के पानी दोगी?" तिने कणीस ढिगावर फेकलं. "जां बोला, वां बोलो. और कापी लाओ। वो हमारी है। पौने दो साल से रख के बैठी हो।"

ताईंनी पिशवीवर हात ठेवला. वही आतच होती. मला माहीत होतं. त्यांनी ती काढली नाही.

"लाऊंगी," त्या म्हणाल्या.

पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. मला तहान लागली होती, पण त्या घरी मागायची हिंमत झाली नाही.

परतीच्या बसमध्ये ताईंचा पारा चढला. "ती बाई मला सांगते! एकतीस वर्षं शिकवलं मी. किती आदिवासी पोरींच्या फीचे फॉर्म भरले, विचार कॉलेजात."

"फॉर्म भरलेत म्हणून वही ठेवून घेतलीत?"

"तू तोंड सांभाळ."

"वही पिशवीत होती. का नाही दिलीत?"

त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "ती दिली की माझ्याकडे काय राहतं?"

मला त्यांची कीव आली नाही. मी तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मागितली नव्हती.

डिसेंबर आला. विषय निघाला की त्या मराठी वाचनाचं पान पुढे करायच्या. एकवीस तारखेला मी म्हटलं, "सेवंतीच्या आईला उद्या यायचा निरोप पाठवलाय. शाळेतल्या एका मुलाचं घर तिकडेच आहे."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाही."

"आणि मी बोलले नाही तर?"

"तर ती बघून जाईल."

त्यांनी मला खोली सोडायला सांगितलं. महिनाअखेरपर्यंत. मी हो म्हटलं.

बावीसला सभागृह भरलं होतं. व्यासपीठामागे फ्लेक्स, त्यावर सात-आठ गणितज्ञांचे चेहरे. रामानुजनच्या तसबिरीला झेंडूचा हार, समोर समई. प्राचार्य बोलले, मग ताईंना बोलावलं. सेवंतीची आई शेवटच्या रांगेत बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, बाजूला एक म्हातारा, बहुधा दीर.

ताई माइकपाशी गेल्याच नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला फळा पुढे ओढला. वर लिहिलं: सेवंती डावर का प्रमेय. खाली सिद्धता लिहू लागल्या. एक ओळ लिहायच्या, वळायच्या, समजवायच्या. पहिली पाच मिनिटं मुलं ऐकत होती. मग फोन निघाले.

"ये कौन गणितज्ञ है भिया?" माझ्या पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला.

"अरे वोइच, अपनी सीनियर थी ना. मर गई वो."

"तो इसका काय को मना रए?"

सिद्धता संपली. ताईंनी खडू ठेवला. हात पदराला पुसले.

"ये लड़की यहां बी.एससी. में थी," त्या म्हणाल्या. "ये उसने ख़ुद सिद्ध किया। मैंने साठ बच्चों के सामने उसे चोर कहा। उसकी कॉपी सात महीने अपने कपाट में रखी। पढ़ी नहीं। वो मर गई, तब पढ़ी।"

प्राचार्य उठून त्यांच्याजवळ गेले. "मैडम, विषय पर आइए। आज शुभ दिन है।"

"विषय पर ही हूं."

"बाहर के लोग बैठे हैं. पत्रकार हैं."

"तो लिखें. डावर में ड, व और र है. गलत मत लिखना।"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "ततैया!" हशा पिकला. प्राचार्यांनी माइक हातात घेऊन आभार मानायला सुरुवात केली. ताई व्यासपीठावरून उतरल्या आणि दोन रांगांमधून सरळ शेवटपर्यंत चालत गेल्या. मोराची वही त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

सेवंतीच्या आईने ती घेतली. उघडली नाही. पिशवीत ठेवली, गाठ मारली.

"चाय पीके जाइए," ताई म्हणाल्या.

"बस निकल जाएगी."

मी त्या दोघांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. म्हातारा पुढे चालत होता. बसमध्ये बसल्यावर सेवंतीच्या आईने खिडकीतून विचारलं, "वो जो काले पाटिये पे लिखा, वो सब इसमें है?"

"सब इसमें है. वहीं से लिखा उन्होंने."

"पूरा?"

"पूरा."

तिने मान हलवली. बस सुटली.

मी परत आले तेव्हा सभागृह रिकामं झालं होतं. फ्लेक्स एका बाजूने सुटून लोंबत होता. फळा पुसलेला होता. कुणी पुसला ते मी विचारलं नाही. ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा फोन वाजत होता. पडद्यावर श्रीपाददादांचं नाव होतं. त्यांनी तो वाजू दिला.

"काय म्हणाली?"

"वहीबद्दल विचारलं."

"माझ्याबद्दल?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

त्या उठल्या आणि आपली खुर्ची मिटून भिंतीला लावली. शिपाई जेवायला गेला होता आणि दीडशे खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या.

"मग उभी काय आहेस?" त्या म्हणाल्या. "त्या बाजूने सुरू कर."